ताकसांडे मॅडमची चावी

ताकसांडे मॅडमना 'नाही' म्हणता यायचं, पण ते लिहून कळवता यायचं नाही. नाही म्हणायचं असलं की त्या फोन करत. कोल्हापूरकडच्या एका मुलाला त्यांनी केलेला असा एक फोन माझ्या दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून झाला. आधी विचारलं, "जेवला का बेटा?" मग विचारलं, "तू कोणत्या गाडीनं जातो?" त्याची गाडी, तिचा थांबा, थांब्यावर सावली आहे की नाही, हे सगळं यथासांग झालं. मग त्याच्या कामात काय चांगलं आहे ते सांगितलं. आणि शेवटी, लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळून हातात द्यावी तसं, हळूच सांगितलं की हे आपल्याला घेता येत नाही. इतक्या गोडीनं नकार मिळालेला तो मुलगा आजही आमच्यात आहे. फोन ठेवून मॅडम मला म्हणाल्या, "लेकराची मेहनत हाय मनोज. नुसती काट कशी मारायची?"

आमच्यात म्हणजे कोणाच्यात, ते सांगायला हवं. वर्ध्याजवळच्या सेलूला बसथांब्यासमोर माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. मॅडमनी मला अकरावी-बारावीला गणित शिकवलं. मी त्यात पास झालो याचं श्रेय आम्हा दोघांपैकी कोणीच घेत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'आली का' नावाचं मोबाइलवरचं ॲप काढलं. गाडीत बसलेल्यानं 'निघाली' दाबायचं, थांब्यावरच्यानं 'आली' दाबायचं, आणि पुढच्या गावातल्याला घरबसल्या कळायचं की एसटी कुठवर पोचली. यात कोणाची कंपनी नाही की कोणाचं यंत्र नाही, नुसती माणसं. प्रत्येक थांब्याची जागा आणि वेळा सांभाळायला तिथलाच एक माणूस. त्याला मॅडमनी नाव दिलं थांबेकरी. सेलूचा थांबेकरी मी. दुकान समोरच आहे म्हटल्यावर मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

त्यातली गंमत अशी, की ज्या ओळींवर हे ॲप चालतं त्या सगळ्या ओळी मॅडमनी जगाला उघड्या ठेवल्या होत्या. ओपन सोर्स म्हणतात त्याला. कोणीही पाहावं, चूक सापडली तर दुरुस्ती पाठवावी, वाटलं तर सगळंच्या सगळं उचलून आपल्या जिल्ह्यात न्यावं. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. दुकानाचं शटर उघडं टाकून कोणी गावाला जातं का? पण लोक आले ते उचलून न्यायला नाही, भर घालायला आले. यवतमाळचे, नांदेडचे, पुण्यातले नोकरदार इंजिनिअर. पगार कोणालाच नाही. फक्त एक होतं. आलेली दुरुस्ती ॲपमध्ये घ्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या मॅडमकडे होता. आम्ही त्याला चावी म्हणायचो. ती त्यांच्या स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपमध्ये, मिसळणाच्या डब्याशेजारी असायची.

हे सगळं त्यांनी कशासाठी मांडलं, ते त्या भाषणात कधी सांगत नसत. मला एकदा काउंटरवर सांगितलं. दरवर्षी दिवाळी आली की वर्गातल्या खेड्यावरच्या काही मुली गळायच्या, आणि त्या गणितात कच्च्या असायच्या असंही नाही. "पोरगी फाट्यावर उभी राह्यते, येनारे-जानारे पाह्यतात, मंग बाप म्हनते नको जाऊ. गाडी कवा येईन हे समजलं तं पोरगी घरून बरोब्बर टायमावर निघन. बस, एवढंच हाय हे ॲप." असं म्हणून त्यांनी पर्समधून खडू काढला आणि माझ्या काउंटरच्या काचेवर गणित मांडायला सुरुवात केली. निवृत्त झाल्या तरी पर्समध्ये खडू असायचाच. त्यांच्या मागून येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सवर पांढरे डाग पडत, आणि बोलणी मी खात असे.

दुसऱ्यांनी लिहिलेल्या ओळी त्या मोठ्यानं वाचायच्या. समजत मला काही नव्हतं, पण ऐकायला बरं वाटायचं. मध्येच त्या थांबल्या, चष्मा कपाळावर सरकवला, की समजावं चूक सापडली. एक वाक्य त्या सगळ्यांना ऐकवत: "सोपं करा, सपाट नका करू." तासाला मुलांना सांगायच्या, तसंच पुण्याच्या इंजिनिअरांनाही सांगायच्या.

काम वाढत गेलं तशा दुरुस्त्या साचू लागल्या. मॅडम पहाटे उठून एकेक बघत, फोन करत, आणि तरी रांग हटत नसे. आपण पाठवलेल्या कामाला महिनोन् महिने कोणी विचारत नाही म्हणून चांगले लोक कंटाळून जाऊ लागले. तेव्हा अनिकेतनं तोंड उघडलं. अनिकेत मूळचा आर्वीचा, पुण्यात नोकरीला, हुशार आणि कामसू. सगळ्यात जास्त ओळी त्यानंच लिहिलेल्या. तो अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकट्या किती पाहणार? आणखी तिघा-चौघांना अधिकार देऊ, काही नियम ठरवू."

"काऊन?" मॅडम म्हणाल्या. "मी काय मरून राह्यली का?"

मी हसलो. तेव्हा मला ते उत्तर फार झणझणीत वाटलं होतं.

मग मॅडम विपश्यनेच्या शिबिराला गेल्या. दरवर्षी जायच्या. तिथे पहिल्या दिवशी फोन काढून घेतात आणि माणूस मौनात बसतो. नेमक्या त्याच दिवसांत ऊन वाढलं म्हणून शाळा सकाळच्या झाल्या, आणि त्याबरोबर गाड्यांच्या वेळाही बदलल्या. ठिकठिकाणच्या थांबेकऱ्यांनी नवीन वेळा भरून पाठवल्या. त्या सगळ्या मॅडमच्या मंजुरीसाठी थांबून राहिल्या. ॲप मात्र मोठ्या विश्वासानं जुन्याच वेळा सांगत होतं, आणि लोक ते ऐकून निवांत घरून निघत होते. माझ्या दुकानासमोर रोज शिमगा. मी सगळ्यांना काय सांगणार? की ज्यांच्याकडे चावी आहे त्या डोळे मिटून बसल्या आहेत?

केळझरजवळच्या एका खेड्यातली पायल नावाची मुलगी त्यात अडकली. वर्ध्याला तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती. ती ॲप पाहून फाट्यावर आली तेव्हा गाडी कधीच निघून गेली होती. उन्हात ताटकळून रडत घरी परतली.

मॅडम शिबिरातून आल्या, त्यांना हे कळलं, आणि त्यांनी मला स्कूटर काढायला लावली. पायलच्या घरी आम्ही ओसरीवर बसलो. बाप शेतावरून आला, हातपाय धुऊन समोर बसला. कॉलेजनं परीक्षा पुन्हा घ्यायचं कबूल केलं होतं, त्यामुळे तो रागात नव्हता. उलट तोच मॅडमची समजूत घालू लागला. "जाऊ द्या मॅडम. ॲपच बंद होतं म्हने, त्याले तुमी काय करसान?"

"ॲप चालू होतं भाऊ," मॅडम म्हणाल्या. "मीच बंद होती."

पायलच्या आईनं चहा आणला. मॅडमनी तो घेतला. एवढ्या वर्षांत मी त्यांना कोणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं. घरी पोचल्यावर त्यांनी अनिकेतला फोन केला आणि म्हणाल्या, "घे बाबू, चावी तुलेई देते."

इथे दुसरा घोटाळा झाला. चावी दिली, पण ती कशी वापरायची हे ठरवलंच नव्हतं. अनिकेतनं मोठ्या उत्साहानं साफसफाईला हात घातला. नकाशावर बघतो तर थांब्यांच्या नावाखाली काहीही: 'बाभळीजवळ', 'सरपंचाची विहीर', 'जुना काटा'. अधिकृत यादीत यातलं एकही नाव नाही. त्याला वाटलं कोणीतरी गंमत केली आहे. त्यानं सगळी काढून टाकली. पुण्यात बसून त्याला कसं कळावं की आमच्याकडे अर्धी माणसं हात दाखवूनच गाडीत चढतात, आणि ड्रायव्हर त्या बाभळीशी न चुकता ब्रेक लावतो? खरं तर तोही आर्वीचा, पण घराजवळ स्टँड होता, बाभळीशी उभं राहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन वाजू लागला. "मनोजभाऊ, आमची बाभूय कुठी गेली?" एका म्हाताऱ्यानं तर झाड तोडलं की काय म्हणून घाबरून चौकशी केली.

झाडं-विहिरी मॅडमनी परत आणल्या. पण मनं बिनसली ती बिनसलीच. थांबेकरी म्हणू लागले, पुण्याच्या लोकांना हाकला. पुण्याचे म्हणाले, आम्ही फुकट राबायचं आणि शिव्याही खायच्या? त्यापेक्षा आम्ही सगळं उचलतो आणि वेगळं ॲप काढतो. तसं करायला त्यांना पूर्ण मुभा होती, मॅडमनीच ती देऊन ठेवलेली. पण दोन ॲप झाली असती तर निम्मी माणसं एकात 'आली' दाबणार, निम्मी दुसऱ्यात, आणि फाट्यावरच्या मुलीला दोन्हींतून अर्धवटच कळणार. मॅडमची झोप उडाली. त्या दुकानात यायच्या, स्टुलावर बसायच्या, खडू बाहेर काढायच्या आणि काहीच न लिहिता परत पर्समध्ये ठेवायच्या.

शेवटी त्यांनी सगळ्यांना केळझरला बोलावलं. गणपतीच्या देवळाजवळचा एक हॉल मिळाला. अट एकच, प्रत्येकानं एसटीनं यायचं. अनिकेत पुण्याहून गाड्या बदलत आला आणि शेवटच्या टप्प्यात उभ्यानं आला. शर्टाला चुण्या, कपाळावर घाम. त्याला पाहून थांबेकऱ्यांचा निम्मा राग तिथेच उतरला. मॅडमनी उभं राहून आधी त्याची बाजू घेतली. "यानं काढलेल्या थांब्यांत बरेच खरंच मेलेले होते. कित्येक वर्षांत तठी गाडी थांबली नाई. साफसफाई पाह्यजेच होती. यानं कोनाले विचारलं नाई, अन् मी विचाराची सोय ठेवली नाई. आता सोय करू."

दिवसभर भांडाभांडी झाली. अनिकेतचं म्हणणं, जो जास्त काम करतो त्याच्या शब्दाला जास्त वजन हवं. आमच्यातल्या एकानं विचारलं, उन्हात उभं राहून 'आली' दाबणं हे काम नाही का? जेवणात वरण-भात, वांग्याची भाजी आणि ठेचा होता, त्यानंतर आवाज जरा खाली आले. संध्याकाळपर्यंत एवढं ठरलं, की थांब्याचा प्रश्न त्या थांब्यावर चढणाऱ्यांनी सोडवायचा. ॲपच्या पोटातला प्रश्न ते लिहिणाऱ्यांनी. दोघांनाही लागू असेल ते पाच जणांच्या समितीनं, आणि समितीतली माणसं आळीपाळीनं बदलत राहायची. चावी वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या तिघांकडे, त्यातल्या एक मॅडम, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. ज्याला नकार मिळेल त्याला कारण लिहून द्यायचं, म्हणजे पुढच्यालाही ते वाचता येईल. हा शेवटचा नियम लिहिताना मॅडम कसनुसं हसल्या.

सगळं आटोपत आलं तेव्हा नांदेडच्या एका वयस्कर थांबेकऱ्यानं उठून सूचना मांडली, की काही झालं तरी अखेरचा शब्द मॅडमचा असावा, त्या असेपर्यंत. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. थांबेकऱ्यांनी हात वर केले, पुणेकरांनी केले, अनिकेतनंही केला. माझा तर सगळ्यात आधी. मॅडमचा हात मांडीवरच होता.

"तुमाले एक सांगते," त्या म्हणाल्या. "आमच्या मोहल्ल्यात विहार बांधाचा होता. लोकायनं मजुरीतून पैसे काढले, भिंती उभ्या झाल्या. चावी एका मानसापाशी होती. लय इमानदार मानूस. विटा त्यानं मोजाच्या, शिमिट त्यानं पाह्याचं, कोनाले शंका नाई. अखेरचा शब्द त्याचाच. मंग तो अंथरुनाले लागला. कोनाले काई सांगून ठेवलं नव्हतं. त्याचा भाऊ म्हने चावी मायी, दुसरे म्हने आमची. आज तुमी जाऊन पाहा, आमच्या मोहल्ल्यात समोरासमोर दोन विहार हाय. दोन्हीवर छप्पर अर्धंच." त्या थांबल्या. "तो मानूस वाईट नव्हता. माये बाबा होते ते."

"तुमचं प्रेम हाय, मले समजते," मॅडम म्हणाल्या. "ते घरी ठेवा. नियमात नका घालू." एकेक हात खाली आला. माझाही आला, पण मला ते आवडलं नव्हतं, आणि बाहेर आल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. "चूप राह्य," एवढंच त्या म्हणाल्या.

बोलणं सोपं असतं, भोगणं वेगळं. काही महिन्यांनी मॅडमनी स्वतः एक सुधारणा करून पाठवली. मुलगी गाडीत चढली की तिच्या बापाच्या मोबाइलवर निरोप जाईल, अशी. त्यावर त्यांनी मनापासून मेहनत घेतली होती. बापांची काळजी मिटेल, मुलींचं कॉलेज सुटणार नाही, असा हिशेब. समितीत तेव्हा परभणीची एक तरुण मुलगी होती. तिनं नकार दिला आणि नियमाप्रमाणे कारण लिहिलं: यानं मुलीवर पाळत राहील, आणि एखाद्या दिवशी निरोप गेला नाही तर घरी गेल्यावर तिलाच जाब विचारतील.

मॅडम मोबाइल घेऊन दुकानात आल्या आणि मला ते वाचून दाखवलं. पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात. तेवढ्यात इकडचे काही थांबेकरी तापले होते. मॅडमच्या ॲपमध्ये मॅडमलाच नाही म्हणतात? एकजण तर दुकानात येऊन म्हणाला, मॅडम, तुम्ही नुसतं बोला, आम्ही सगळे तुमच्यामागे वेगळे होतो. त्या क्षणी त्यांनी मान जरी हलवली असती तरी सगळं फुटलं असतं.

"पोरीचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "म्या बापाचा विचार केला. तिनं पोरीचा केला." तो थांबेकरी निघून गेला. मग माझ्याकडे न बघता, काउंटरची काच पदरानं पुसत म्हणाल्या, "पन मनोज, लागलं बरं का." मी चहा मागवला. त्यानंतर बरेच दिवस त्या दुकानात फिरकल्या नाहीत. मला वाटलं, मन उठलं यांचं. पण त्या घरी बसून नव्या लोकांसाठी सगळं समजेल अशा भाषेत लिहून ठेवत होत्या, आपल्या डोक्यात जे जे होतं ते ते. ते झालं आणि त्यांनी आपली उरलेली चावीही परत केली.

पुढे त्यांचे गुडघे फार दुखायला लागले. मुलगी हिंगणघाटला असते, ती त्यांना घेऊन गेली. सेलूच्या घराला कुलूप लागलं. फोन व्हायचे, पण आधी रोज भेटणाऱ्या माणसाशी फोनवर काय बोलायचं असतं? मला त्यांची आठवण यायची, खूप यायची. ॲप चालूच होतं. त्यात आता कितीतरी जिल्हे आले, ज्यांची नावं मी ऐकली नव्हती अशी माणसं समितीत आली आणि गेलीही.

मागच्या हिवाळ्यात समुद्रपूरला कामासाठी गेलो होतो. येताना जाम गावाच्या चौरस्त्यावर चहाला थांबलो. टपरीवरून समोरचा थांबा दिसतो. तिथल्या बाकावर ताकसांडे मॅडम बसल्या होत्या. हातात काठी, केस पार पांढरे. मी कप खाली ठेवून उठलोच होतो, इतक्यात दिसलं की त्यांच्या शेजारी कॉलेजची एक पोरगी बसली आहे आणि आपला मोबाइल त्यांच्यापुढे धरून काहीतरी समजावते आहे. मी जवळ गेलो आणि त्यांच्या पाठीमागे, पानठेल्याशी थांबलो.

"हे पाहा आजी, ही तुमची हिंगनघाटची गाडी. आता मांडगावच्या फाट्यावर आली. तठून कोनीतरी दाबलं ना, म्हनून आपल्याले दिसून राह्यलं."

"असं होय?" मॅडम म्हणाल्या. अगदी भोळ्या आवाजात. "कोनाचं हाय वं हे?"

"कोनाचं म्हंजे?"

"म्हंजे मालक कोन हाय याचा?"

"मालक-बिलक कोनी नाई आजी. आपलंच हाय. आपनच सांगतो, आपनच पाह्यतो. इथलं सगळं मी सांभाळते."

एक हाक मारली असती तर त्या पोरीला कळलं असतं शेजारी कोण बसलंय. पण मॅडमना काय विचारायचं होतं ते मला कळलं, आणि मी तोंड मिटून उभा राहिलो.

"अन् उद्या बंद पडलं तं?"

"काऊन पडन?" पोरगी हसली. "मी आहो ना जामले."

"तू लग्न करून गेली मंग?"

"मंग मायी लहान बहीन हाय. ते नसली तं दुसरं कोनी पाहीन. तुमी कायले टेन्शन घेता?" तेवढ्यात वळणावर गाडी दिसली. पोरगी उठली, मोबाइलवर 'आली' दाबलं, मॅडमची पिशवी एका हातात घेतली आणि दुसरा हात त्यांच्यापुढे केला. "चला आजी, उठा. तुमी बसा आता गाडीत."

मॅडमनी तिचा हात धरला आणि गाडीत जाऊन बसल्या.